लक्षद्यांचा तिसरा नमुना

आमच्या शेजारच्या दादांना सगळी इमारत ‘लक्षद्या’ म्हणते. तोंडावर नाही, तेवढी रीत आम्हाला आहे. तोंडावर दादा. एकतीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर गाड्या पुकारल्या आणि दर गाडीआधी ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्या’ म्हटलं. नोकरी संपली, पण जिभेला कुणी निवृत्तीचं पत्र दिलं नाही. वहिनी न्हाणीघरात असल्या की बाहेरून घोषणा होते, “लक्ष द्या, दूधवाला आलेला आहे. दूधवाला आलेला आहे.” दूधवाला समोरच उभा असतो. तोही मान डोलावून लक्ष देतो.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं विचाराल. मी शिंपी. घरातच दुकान, आणि दुकानाची मागची भिंत तीच त्यांच्या आतल्या खोलीची. मूळ एकच घर होतं, मालकाने दोन केली, आणि मध्ये जी भिंत घातली ती पुठ्ठ्यापेक्षा जरा जाड एवढंच तिचं कौतुक. त्यांच्याकडे कुणी शिंकलं तर माझ्याकडून ‘काळजी घ्या’ जातं. मी मुद्दाम ऐकायला जात नाही. पण हाताने काजं करताना कानांना काम नसतं.

तर निवृत्तीनंतर स्थानकावर दादांच्या जागी मशीनमधली एक बाई बसवली. दादा पहिल्या आठवड्यात तिला ऐकायला रोज जायचे. घरी येऊन वहिनींना सांगायचे, “रद्द झालेली गाडी सांगताना तिला काही वाटतच नाही गं. माणसं पिशव्या घेऊन उभी, आणि ही जशी काही वरात निघाल्यासारखी बोलते!”

“तुम्हाला काय वाटायचं?” वहिनी विचारायच्या.

“मी आवाज खाली आणायचो. गाडी रद्द असली की पहिल्या शब्दापासून कळायचं लोकांना. निम्मे तर तिथेच खाली बसायचे.”

दादांना एक थोरली बहीण आहे, आक्का. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. दहा वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली. जीभ मात्र जिथल्या तिथे आहे. दृष्टी गेलेल्यांसाठी बोलक्या पुस्तकांचं एक ग्रंथालय आहे, त्याची ती सभासद. तिथले जुने वाचक एकेक करून थकले, तेव्हा ग्रंथालयानेही मशीन आणलं. आक्काने महिनाभर ऐकलं आणि बैठकीत उभी राहिली. “नवरा मेला तेही त्याच सुरात आणि वांगी आणली तेही त्याच सुरात. माणूस वाचत नाही तोवर मी पुस्तकं परत करणार नाही.” ग्रंथालयाच्या बाईंनी हात टेकले आणि माणसांचे नमुने मागवले. घरी रेकॉर्ड करून पाठवायचे. आक्का तिथल्या तिथे सगळ्यांसमोर बोलून बसली, “माझा भाऊ वाचेल. तो बोलला की चौथ्या फलाटावरची कुत्रीसुद्धा गप्प बसायची.”

नियम एवढाच होता की प्रत्येकाला तीन नमुने. तिन्ही नापास झाले की यादीतून नाव कायमचं गेलं. मागे निवृत्त शिक्षकांची रांग लागली होती, आणि निवृत्त शिक्षकाला बोलायला मिळणार म्हटल्यावर तो काय रांग सोडतो!

दादांनी वरवर दाखवलं नाही, पण त्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून माझ्याकडे आले. कुठे जायचं नव्हतं. “शिंपीबुवा,” म्हणाले, “परत कामावर घेतलंय मला.”

“घेतलंय?”

“घेतील. नमुना पाठवायचाय फक्त.”

माइक लेकीने पाठवला होता. ती परगावी असते. पाण्याच्या पेल्याएवढा जाड, वरून जाळी, अंगावर चकचकीत बिल्ला. तो टेबलावर उभा राहतो आणि त्याची तार लॅपटॉपला लागते. सोबत हेडफोन होते आणि एक माहितीपुस्तिकाही होती. ती वहिनींनी उघडली तर दादा हसले. “एकतीस वर्षं माइकसमोर गेली माझी. तो आता मला शिकवणार?” पुस्तिका फ्रिजच्या पायाखाली गेली, कारण फ्रिज हलत होता.

आता माइक टेबलावर ठेवायचा कसा, यात दादांना शंकाच नव्हती. स्थानकावरच्या माइकला खात्याच्या नावाची पाटी होती. फार पूर्वी कुणीतरी साहेब तपासणीला आले, त्यांना पाटी दिसली नाही, आणि त्यांनी लेखी आदेश काढला की पाटी नेहमी जनतेकडे असावी. तेव्हापासून दादा रोज सकाळी फडक्याने पाटी पुसायचे आणि काचेबाहेरच्या जनतेकडे करायचे. तो माइक शेंड्याने ऐकायचा, पाटी कुठेही असो. नव्या माइकचा बिल्लाही त्यांनी तसाच पुसला आणि जनतेकडे फिरवला. जनता म्हणजे समोरची भिंत. माझी.

पहिला नमुना त्यांनी एका दमात वाचला. एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट होती, चार पानं. मला भिंतीतून शब्द न् शब्द कळला. मी मनात म्हटलं, वा, काय आवाज आहे! वाचून झाल्यावर दादांनी तो ऐकला का? छे. आपला आवाज आपण ऐकायचा नसतो, हे त्यांचं ठाम मत. “बोललं की ते लोकांचं झालं. गाडी सुटल्यावर मागे धावायचं नाही.” बटण दाबलं, नमुना गेला.

आठ दिवसांनी पत्र आलं. ‘वाचकाचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा ऐकू येतो. कृपया खोलीकडे लक्ष द्यावे.’

‘कृपया लक्ष द्यावे’! हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट दिशेने ऐकायला मिळालं. दोन दिवस माणूस नीट जेवला नाही.

मग खोलीकडे लक्ष देणं सुरू झालं. लेकीने फोनवर सांगितलं, भिंती उघड्या असल्या की आवाज आपटतो, मऊ काहीतरी लावा. दादांनी ‘काहीतरी’ हा शब्द फार मनावर घेतला. घरातल्या गोधड्या, रजया, पाहुण्यांची गादी, वहिनींचा शालू ठेवायच्या पेटीतली जाड चादर, सगळं भिंतींवर चढलं. दाराला सतरंजी. खिडकीला माझ्याकडून नेलेलं कोटाच्या कापडाचं उरलेलं टोक. संध्याकाळी वहिनी माझ्या दारात. “भाऊजी, एखादी चादर द्याल का? आमची भिंत पांघरूण घेऊन झोपलीय, आम्ही उघडे.”

चार भिंतींपैकी एक तेवढी त्यांनी उघडी ठेवली. माझ्या बाजूची. मी विचारलं, “दादा, ही का सोडलीत?”

“तिकडे श्रोते आहेत,” दादा म्हणाले. “ऐकणाऱ्याच्या तोंडावर गादी मारायची का?”

मला हे पटलं, हीच माझी अक्कल.

दुसऱ्या नमुन्याच्या दिवशी पंखा बंद, फ्रिज बंद. वरच्या मजल्यावर जाऊन दादा सांगून आले की दुपारी दोन ते तीन कुकर लावू नये. पोस्टमनलाही बजावलं की बेल न वाजवता पत्र आत सरकवायचं. मला मशीन बंद ठेवायला सांगितलं, ते मी ठेवलं. माझं तोंड बंद ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. खोलीत उकाडा असा की दादा बनियनवर वाचत होते आणि मधे वहिनी टॉवेलने त्यांचं कपाळ टिपत होत्या. नमुना गेला. फ्रिज सुरू करायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि दूध नासलं.

दुसरं पत्र आलं तेव्हा दादा ते हातात घेऊन सरळ माझ्याकडे आले. गिऱ्हाईक असतानाच मोठ्याने वाचलं, त्यांच्या सवयीने, तुकडे पाडून. “वाचक. या वेळीही. फार दूर आहेत. मात्र पार्श्वभूमीला. एक गृहस्थ. अत्यंत स्पष्ट ऐकू येतात. ते वाचक असल्यास. नमुना मंजूर करता आला असता.”

मी टेप गळ्यात घालून उभा. गिऱ्हाइकाला हसू आवरेना.

“तू काय बोलत होतास?” दादांनी विचारलं.

“मी? मापं घेत होतो. छाती, कंबर.”

“माझं नाव घेतलं होतंस का?”

“तुमचं नाव? शपथ, नाही घेतलं,” मी म्हणालो, आणि ते अक्षरशः खरं होतं.

दादा गेले. पण जाताना त्यांनी दार ओढून घेतलं नाही, हे मला जास्त लागलं. चिडलेला माणूस दार आपटतो. भिंतीपलीकडे मग वहिनींचा आवाज आला, “जाऊ दे हो. नाही झालं तर नाही झालं.” आणि दादांचा, “आक्का सगळ्यांसमोर बोलून बसलीय. तिला आता कुठल्या तोंडाने... आणि आता उरलाय एकच.” स्थानकावर रद्द गाडीसाठी ते जो आवाज काढायचे म्हणतात, तो बहुतेक हाच असावा.

शनिवारपर्यंत तिसरा नमुना पोचायचा होता. गुरुवारी दुपारी रिक्षातून आक्का उतरली. हातात काठी, खांद्याला पिशवी. दारातूनच, “कुठे आहे तो माझं नाक कापणारा?”

मीही गेलो. नसतो गेलो तर झोप लागली नसती.

आक्का आतल्या खोलीत पाऊल टाकताच थांबली. टाळी वाजवली. “अगं बाई. हे घर आहे का कापसाचं गोदाम? चल, तो दुसरा नमुना लाव. ऐकू दे.”

“आक्का, मी माझं ऐकत नाही.”

“तू नको ऐकूस. मला ऐकायचंय. तू नुसता उभा राहा.”

वहिनींनी लॅपटॉपवर लावलं. आधी खूप दुरून, डोंगरापलीकडून यावा तसा, दीपगृहाचा रखवालदार आला. आणि मग एकदम, खोलीत उभं राहून बोलावं तसा दुसरा आवाज, “बाई, कंबर छत्तीस. नाही नाही, वहीत चौतीस लिहितो, मनातलं अस्तर कशाला उसवायचं? ... अहो, ते लक्षद्या ना! खोलीला गोधड्या नेसवल्यात त्यांनी. उद्या ब्लाउज शिवायला सांगतील भिंतीला.”

मी कापडाच्या पोतावर लक्ष केंद्रित केलं. समोर पुष्कळ होतं.

“लक्षद्या कोण?” दादांनी हळूच विचारलं.

वहिनी छताकडे बघायला लागल्या. आक्काने आधी हुंकार दिला, मग तिचे खांदे हलायला लागले, मग ती पलंगावर बसून इतकी हसली की काठी पडली. “अरे, तू! तूच! चांगलं ठेवलंय नाव. कुणी ठेवलं? शिंप्या, तूच ना?”

“वीस वर्षं झाली आक्का,” मी म्हणालो. “आता नक्की कुणी ते...”

पण दादांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ते लॅपटॉपकडे बघत होते. आत तो दूरचा माणूस अजून वाचत होता. “हा मी?” ते म्हणाले. “एवढासा?” एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःला ऐकलं होतं, आणि ऐकायला मिळालं ते हे. त्यांचा चेहरा पाहून मला माझ्या जिभेची पहिल्यांदा लाज वाटली. फार वेळ टिकली नाही, पण वाटली.

आक्का मात्र हसायची थांबली होती. “थांब रे. मला एक कळत नाहीये. मधे भिंत असून शिंपी जवळ, आणि तू समोर बसून लांब? हेडफोन दे इकडे. माइक माझ्या हातात दे. आता बोल.”

“काय बोलू?”

“गाड्या सोड, काहीही बोल.”

दादा बोलायला लागले. आक्काने डोकं एका बाजूला कलतं केलं. “लांब आहेस.”

“अगं, जाळीला मिशी लागतेय माझी!”

“मिशीचं नको सांगूस, बोलत राहा.” आणि तिने माइक जागच्या जागी हळूहळू फिरवायला सुरुवात केली, विहिरीचा रहाट फिरवावा तसा. “आता जवळ येतोयस. ये. अजून ये... अरे देवा!” तिने हेडफोन कानांवरून उपटलेच. “डोळे गेलेत माझे, कान तरी राहू दे! ओरडतोस काय?”

तिची बोटं माइकच्या अंगावरून फिरली आणि बिल्ल्यावर थांबली. “हे काय टोचतंय?”

“बिल्ला आहे तो.”

“कुणीकडे होता हा?”

“श्रोत्यांकडे.”

“श्रोते कुठे आहेत?”

दादांनी भिंतीकडे बोट दाखवलं. मग ते आक्काला दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाले, “समोर.”

“समोर शिंपी आहे!” आक्का म्हणाली. “बिल्ला हे त्याचं तोंड आहे, बाळा. हा एकाच बाजूने ऐकतो. इतके दिवस तू त्याच्या पाठीशी बोललास, आणि त्याने इमानाने तोंडासमोरचं टिपलं.”

वहिनी उठल्या, फ्रिज तिरका केला, पुस्तिका काढली आणि पहिलं पान वाचून दाखवलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. फ्रिज पुन्हा हलायला लागला.

मग गंमत अशी झाली की माइक फिरवल्यावर गोधड्या आपसूक योग्य जागी आल्या. आता माइक दादांकडे बघत होता, दादांच्या पाठीमागे रजया होत्या, आणि माइकची पाठ माझ्या भिंतीकडे. वहिनींना पाहुण्यांची गादी लगेच परत मिळाली. आक्काने दादांचा हात धरून माइकपासून तोंडाचं अंतर मोजलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत. ‘प’ आणि ‘फ’ आले की हेडफोनमध्ये भोंगा फुटल्यासारखं होत होतं, म्हणून मी घरी जाऊन भरतकामाची लाकडी रिंग आणली, तिच्यावर पातळ जाळीचं अस्तर ताणून बसवलं आणि माइकसमोर दोरीने टांगलं. फुकट केलं. पापक्षालन म्हणा.

शुक्रवारी दुपारी रेकॉर्डिंग. या वेळी मी गिऱ्हाइकं घेतलीच नाहीत. आक्का हेडफोन लावून समोर, वहिनी दाराशी, मी उंबऱ्यावर. दादांनी सुरू केलं. आवाज आता असा, की रखवालदार आपल्या बाजूला येऊन बसावा. पण चार शब्द झाले की ते थांबत. पुन्हा चार शब्द. पुन्हा थांबत.

आक्काने हात वर केला. “थांबतोस कशाला?”

“येऊ दे की परत.”

“काय परत?”

“आवाज,” दादा म्हणाले. “स्थानकावर तो चौथ्या फलाटाच्या भिंतीला लागून परत यायचा. तो आला की पुढचं म्हणायचं, नाहीतर शब्दावर शब्द चढतात. तो आला की कळायचं, पोचलं.”

आक्काने हेडफोन एका कानावरून सरकवला.

“इथे नाही येणार तो,” ती म्हणाली. “एवढ्या रजयांत कुठून येईल? इथे मी आहे. तू बोललास की मला पोचलं. तू आपला पुढे चल.”

दादांनी पाणी प्यायलं. चष्मा पुसला. बिल्लाही पुसला, त्याला इलाज नाही. आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या पानापर्यंत अडखळले, एकदा दोनदा वाट बघायची राहून गेली आणि नंतर ते विसरलेच. रखवालदार जिना चढत होता, तो चढतच राहिला. शेवटच्या ओळीनंतर आक्का म्हणाली, “आता ऐक.” आणि हेडफोन स्वतः त्यांच्या डोक्यावर घातला. दादांनी चारही पानं उभ्याने ऐकली. ऐकून झाल्यावर एकच म्हणाले, “तिसऱ्या पानावर घाई केलीय मी.” ते पान त्यांनी पुन्हा वाचलं.

उत्तर दहा दिवसांनी आलं. मंजूर. सोबत एका व्यापारी घराण्याच्या कादंबरीचा पहिला भाग, चारशे बारा पानं. असे तीन भाग. आक्काला हवी होती तीच. दादांनी पत्र मला आणून दाखवलं, आणि मी वाचेपर्यंत स्वतःच तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी अभिनंदन केलं तर म्हणाले, “लक्षद्या म्हणत जा खुशाल. तोंडावर म्हण म्हणजे झालं.” आता तोंडावर म्हणायची सोय झाल्यापासून त्या नावातली सगळी मजाच गेली.

तेव्हापासून रोज दुपारी दोन ते चार पलीकडे कादंबरी चालते. माइकची पाठ माझ्याकडे आहे, तरी माझं मशीन त्या वेळात बंद असतं. आक्काला दर आठवड्याला नवी पानं मिळतात, आणि मग तिचा फोन येतो. दादा फोन मोठ्याने ऐकतात, त्यामुळे तो आम्हा सर्वांना येतो. अमक्या पानावर थकलास, उठून पाणी प्यायला हवं होतंस. तमक्या पानावर सासरा म्हातारा आहे, तू त्याला तालमीतला केलास. दादा कुरकुरतात, ‘बहीण आहे का तपासणीचा साहेब’ म्हणतात, आणि जाऊन पान पुन्हा वाचतात.

काल फोन आला तेव्हा माझ्याकडे एक गिऱ्हाईक होतं, एक हात वर करून उभं.

“पान एकशे सतरा,” आक्का म्हणाली. “ती धाकटी घर सोडून जाते तिथे तू घसा खाकरलास.”

“नाही खाकरलो, आक्का.”

“मग काय केलंस?”

पलीकडे शांतता. मी टेप घेऊन जागच्या जागी.

“बरं,” आक्का जरा वेळाने म्हणाली. “राहू दे तसंच. पुसू नकोस ते.”

फोन बंद झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पान उलटलं, आणि दादांनी एकशे अठरावं पान सुरू केलं.

“अहो, माझी बाही?” गिऱ्हाईक म्हणालं.

“हात खाली घ्या आणि बसा जरा,” मी म्हणालो. “ती गेली कुठे ते कळू दे आधी.”